अर्धं गाऱ्हाणं

चारकोप, सेक्टर पाच
६ जानेवारी

सुबोध,

तुझं कार्ड मिळालं. पहाटे उठतोस, नदीपर्यंत चालत जातोस, दुपारी भाकरी आणि पालेभाजी, दिवस मावळला की जेवण बंद. वजन उतरलंय, झोप शांत लागते. वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे. मला झाला नाही.

कार्डाच्या शेवटी लिहिलंयस, 'तूही थोडं स्वतःकडे बघ.' हे वाक्य मी वाचलं नाही, ऋताने मला मोठ्याने वाचून दाखवलं. कारण माझे दोन्ही हात तुझ्या आईच्या काखेत होते आणि मी त्यांना कमोडच्या खुर्चीवरून उठवत होते. आईंनी विचारलं, "काय म्हणता गो तो?" मी म्हटलं, "स्वतःकडे बघ म्हणतो." तर म्हणाल्या, "आदी माका पलंगार बसव, मगे बघ." आम्ही तिघी हसलो. पण ते हसू तुझ्या खात्यात जमा करू नकोस.

फोनच लावला असता. पण तो तू पेटीत बंद करून ठेवला आहेस, कारण मोबाइल हे ताणाचं मूळ आहे असं त्या यज्ञेश सरांनी तुमच्या अंधेरीच्या ऑफिसातल्या शिबिरात सांगितलं. तिथल्या शेजारच्या विमलाकाकीच्या फोनवर करावा, तर आपलं भांडण आधी वाडीला कळायचं आणि मग तुला. म्हणून हे पत्र. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर दिवसभर छापील कागद देणारी बाई मी, हाताने एवढं लिहायची सवय राहिली नाही. याआधी लिहिली होती ती कॉलेजात, तीही तुलाच. त्यांचा सूर वेगळा होता. लग्नात आईंनी मला बजावलं होतं, नवऱ्याला चार माणसांत तरी 'अहो' म्हण. इथे चार माणसं नाहीत, तेव्हा अरेतुरेच चालू दे.

ऑक्टोबरात तुझी छाती दुखली तेव्हा मीही घाबरले होते. हृदय ठणठणीत आहे, ॲसिडिटी आणि दगदग आहे, राहणी बदला, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा 'जा, तीन महिने गावी राहून ये' हे मीच म्हटलं, ते मी नाकारत नाही. पण तीन महिने म्हणजे संक्रांतीपर्यंत, हेही आपणच ठरवलं होतं. बाथरूममध्ये पडल्यापासून आईंना वॉकर घेऊनसुद्धा एकटीने संडासला जाता येत नाही. दिवसाची बाई ठेवली होती, ती भावाच्या लग्नाला म्हणून गेली ती गेलीच. आता ऋता पुस्तक मांडीवर घेऊन आजीजवळ बसते. तिची बारावी आहे, आठवतं ना? आणि पंधरा तारखेपासून माझी ड्युटी फिरती होणार आहे. कधी सकाळ, कधी दुपार ते रात्र. मी सगळं ओढलं आत्तापर्यंत, पण यापुढे एकटीला जमणार नाही. हे मी चिडून लिहीत नाही, सरळ सांगते आहे. चिडून कसं लिहिते ते तुला पुढे कळेल.

संक्रांतीला ये. तिळगूळ मी करते, गोड बोलायचं तू बघ.

माणिक


चारकोप
२० जानेवारी

सुबोध,

संक्रांत झाली. तू आला नाहीस, कार्ड आलं.

'रवळनाथासमोर कौल लावला. उजवा मिळाला. मी इथेच राहावं अशी देवाची इच्छा दिसते. राजीनामा पाठवून दिला आहे. तू समजून घेशील.'

एवढंच. नोकरी सोडलीस आणि मला चार ओळींत कळवलंस. त्यातली एक ओळ 'तू समजून घेशील' यात गेली. नाही घेणार. इतकी वर्षं समजून घेतलं म्हणून तर हे कार्ड आलं. मी लग्नात तुला वरमाला घातली होती, तू माझ्या डोक्यावर मिरे वाटशील असा करार झाला नव्हता.

आणि देवाच्या खांद्यावर बंदूक कसली ठेवतोस? पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या गुरव देवाच्या अंगाला चिकटवतो, उजवीकडची आधी गळली तर देव हो म्हणाला, डावीकडची गळली तर नाही. मला तुझ्या गावी येता-जाता पंचवीस वर्षं झाली, कौल काय असतो ते मला शिकवू नकोस. माझा त्याच्यावर विश्वास आहे की नाही हाही प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की तू विचारलंस काय? देवाला सांगितलंस का, की घरी माझी म्हातारी आई आहे, तिला धरून न्यावं लागतं? सांगितलंस का, की बायको दुपारी ड्युटीला जाते ती रात्रीचं जेवण झाल्यावर येते? की 'मला इथे बरं वाटतं, राहू का?' एवढंच विचारलंस? असं विचारलं तर आमच्या हॉस्पिटलचा वॉचमनसुद्धा उजवा कौल देईल.

हे मी म्हणत नाही, आई म्हणतात. कार्ड त्यांनीच माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग, कौलाआधी देवापुढे गाऱ्हाणं कसं मांडायचं ते सांगत म्हणाल्या, "गाऱ्हाणां घालताना घराचो सगळो पाढो सांगूचो लागता. आवस खंय, बायल खंय, चेडू खंय. ह्येणां आपल्यापुरतां सांगल्यान. अर्ध्या गाऱ्हाण्याचो कौल घराक लागत नाय." आणि तोंड भिंतीकडे करून झोपल्या. जेवल्या नाहीत. आईंना मी इतक्या वर्षांत रुसलेल्या पाहिलंय, भांडताना पाहिलंय, माझ्या भाताला नावं ठेवताना तर रोजच पाहते. गप्प बसलेल्या पहिल्यांदा पाहिल्या.

तू त्यांना काहीही लिहिलं नाहीस. कार्डावर 'आईस नमस्कार' असं आहे, कोपऱ्यात, पिनकोडच्या वर.

तिकडे तू हलका झालास, सुबोध, त्याचं कारण नदी नाही आणि पालेभाजीही नाही. तुझं ओझं इथे दुसऱ्या कोणीतरी उचललंय म्हणून तू हलका झालास. यज्ञेश सरांनी हे शिबिरात सांगितलं नसेल. माझ्याकडे पाठव त्यांना, मी सांगते.

माणिक


चारकोप
११ फेब्रुवारी

सुबोध,

आज ऋताचा पहिला पेपर झाला. बरा गेला म्हणते. तुझ्या कार्डाची वाट बघत होती, बघत नाही असं दाखवत होती.

या वेळी मी चिडणार नाही असं ठरवून बसले आहे, तेव्हा तुला गंमत सांगते. आमच्या हॉस्पिटलनेही कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचा कार्यक्रम ठेवला. कधी? जेवणाच्या सुट्टीत. हजेरी सक्तीची. एका छान साडीतल्या बाईंनी आम्हाला पडद्यावर भाज्यांची रंगीत चित्रं दाखवली आणि सांगितलं, वेळेवर जेवा, पुरेशी झोप घ्या, रोज थोडं चाला, मनातलं कोणाशी तरी बोला. हे ऐकण्यातच जेवणाची वेळ संपली आणि आम्ही उपाशीपोटी काउंटरवर येऊन बसलो. रुचिरा, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते ती पोरगी, म्हणाली, "मॅडम, डबा खायला वेळ नाही, निदान चित्रातली काकडी तरी खाल्ली असती ना."

पण मी बाईंचं ऐकलं हं. तुझंही ऐकलं. तू मागच्या कार्डात श्वासाची ती रीत लिहिली होतीस ना, राग आला की डोळे मिटायचे, सावकाश आत घ्यायचा, थांबायचं, सावकाश सोडायचा. त्याच दुपारी एका माणसाच्या वडिलांना घरी सोडायचं होतं आणि विमा कंपनीची मंजुरी अडकली होती. तो सकाळपासून ताटकळत होता. बिचाऱ्याची चूक नव्हती, माझीही नव्हती. तो काउंटरवर हात आपटून म्हणाला, "मॅडम, काय चाललंय काय यार? म्हातारा माणूस आहे तो, खुर्चीत बसवून ठेवलाय त्याला." मला इतका राग आला, त्याचा नाही, सगळ्याचाच, की मी तुझी आठवण काढून डोळे मिटले आणि श्वास आत घेतला.

तो ओरडला, "अरे, ही झोपली बघा! पेशंटची वाट लागली आणि मॅडम ध्यान करतायत!"

रांगेतल्या दोघांनी मोबाइल काढून माझं चित्रीकरण केलं. मला वर बोलावून समज देण्यात आली. काउंटरवर डोळे मिटायचे नाहीत, असं सांगितलं. त्या छान साडीतल्या बाई तिथेच साहेबांबरोबर चहा पीत होत्या.

नंतर जरा खुर्चीवरून खाली बसले. बसले म्हणजे बसलेच, पडले नाही. इमर्जन्सीतल्या सिस्टरने प्रेशर बघितलं, तर आकडा काहीतरीच आला. मशीन जुनं असतं त्यांचं. ऋताला सांगितलेलं नाही, आईंना तर नाहीच. तुलाही सांगायचं कारण नाही, ओघात लिहिलं गेलं. कागद वाया घालवायला नको म्हणून खोडत नाही.

आई हल्ली गावाला जायचं म्हणतात. रोज म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

माणिक


चारकोप
४ मार्च

सुबोध,

चिडणार नाही असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते विसर.

तुझं कार्ड माझ्यासमोर आहे. आईंच्या गावी येण्याबद्दल तू लिहितोस, 'आईला इकडे आणू नकोस. घराला पायऱ्या आहेत, दवाखाना कुडाळला, तिची सोय होणार नाही. आणि माझी आत्ता कुठे घडी बसते आहे.'

पायऱ्या मान्य. दवाखाना मान्य. पण मी बिलिंगला बसते रे, वर काय काय लिहिलंय ते मी बघत नाही, खाली बघते. खरा आकडा खालीच असतो. तुझी घडी! माझी कुठली घडी बसली आहे? गेल्या आठवड्यात मला दुपारची पाळी होती. ऋता पेपर देऊन आली, आजीला जेवायला घातलं, आजीला संडासला नेलं, आणि पुढच्या पेपरचा अभ्यास करायला बसली ती पुस्तकावर डोकं ठेवून झोपली. ती अठराची झालीय. तिची घडी कोण बसवणार? का तिनेही एक देऊळ शोधायचं?

आणि मला 'मदतनीस ठेव' असं सुचवतोस! ठेव म्हणजे काय, फुलदाणी आहे का? ब्यूरोतून दोन आल्या. एकीला आईंची मालवणी कळेना, दुसरी आईंना 'ए आजी, चल उठ' म्हणाली तेव्हा आईंनी वॉकर उगारला. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

आता नीट वाच. आईंशी माझं मोठं भांडण झालं. कालच. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "मी घराक जातंय."

"कुठल्या घराला? मग हे कोणाचं?"

"ह्यां तुझां. माझां थंय."

मी म्हटलं, आई, असं बोलू नका, मी काय कमी केलं तुमचं? त्या म्हणाल्या, "कमी करूक नाय, म्हणान जातंय." मला ते कळलं नाही आणि मला राग आला. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, सुनेने म्हातारीला गावी नेऊन टाकली. तर माझा हात झटकून म्हणाल्या, "लोक? लोक येतत काय माका न्हाऊक घालूक?" मग म्हणाल्या, त्यांना रवळनाथासमोर बसून गाऱ्हाणं घालायचं आहे. तू अर्धं ठेवलंस ते पुरं करायचं आहे. घरातलं मोठं माणूस जिवंत असताना त्याला न विचारता लावलेला कौल त्या मानत नाहीत. मला वाटलं, 'सुबोधला परत पाठव' असंच त्यांना देवाकडे मागायचं असणार. खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं. देवाची बंदूक तुझ्याकडे होती, आता आमच्याकडे येईल असं वाटलं.

तेव्हा ऋताचा शेवटचा पेपर झाला की आम्ही येतोय. ऋता माझ्या बहिणीकडे मुलुंडला राहील, तिला जरा माणसात राहू दे. मी गाडी ठरवली आहे. काशीराम गुरवाला आधी सांगून ठेव. पायऱ्यांवर आईंना तू उचलायचं आहेस, पाठ मोकळी ठेव. येऊ नको असं कार्ड पाठवलंस तरी ते आम्ही निघाल्यावर पोहोचेल.

माणिक


चारकोप
१२ एप्रिल

सुबोध,

तुझं कार्ड आलं. कार्ड नव्हे, या वेळी आंतर्देशीय. चारी बाजूंनी भरलेलं.

लिहितोस की आई ऐकत नाही. पहाटे तुझ्या फिरण्याच्या वेळेला तिला चहा लागतो. दुपारी तू विश्रांती घेतोस तेव्हा तिला गोष्टी सांगायच्या असतात. रात्री दोनदा उठवते. नदीवर गेला नाहीस त्याला आठवडा झाला. छातीत पुन्हा जळजळतं. आणि मग विचारतोस, 'ती इथे किती दिवस राहणार? तू न्यायला कधी येतेस? तिला समजाव, ती तुझं ऐकते.'

आम्ही परत निघायच्या दिवशी आई गाडीत बसल्या नाहीत, पडवीत बसून राहिल्या आणि "मी येणा नाय" म्हणाल्या, तेव्हा तुला वाटलं की म्हातारीला आयत्या वेळी घर सोडवेना. तू माझ्याकडे बघितलंस, मी खाली बघितलं. मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. तुला का सांगितलं नाही, तर आईंनी सांगू नको म्हटलं होतं. तो स्वतः विचारील तेव्हा सांग, म्हणाल्या. आता तू विचारलं आहेस.

त्या आदल्या दिवशी देवळात आपण पोहोचलो आणि आईंच्या लक्षात आलं की नारळ आणि विडा घरीच राहिला. आठवतं? तुला परत पाठवलं त्यांनी. तो राहिला नव्हता. माझ्या पिशवीत तळाशी होता आणि तो त्यांनीच मला तिथे ठेवायला लावला होता. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

तू पायऱ्या उतरून गेलास. काशीरामने पाकळ्या लावल्या. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. अशा मोठ्या आवाजात, की बाहेरची कुत्री उठून गेली. मला मालवणी बोलता येत नाही, पण शब्द न् शब्द लक्षात आहे.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! माझ्या झिलान तुका अर्धां सांगल्यान, त्येची चूक पोटात घाल."

काशीराम म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

"ऱ्हवलेलां मी सांगतंय. ही माझी सून. हिच्या जिभेक हाड नाय, माका उलट बोलता, भात गिच्च करता. पण माझां गू-मूत हिनां काढल्यान, कधी हात आखडूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"ही कामार चक्कर येवन पडली. घरात कोणाक सांगूक नाय. माका कळणा नाय असां हिका वाटता. हिचो दम माका भिंतीच्या पलीकडसून आयकाक येता. ही आदी जाईत आणि मी मागे ऱ्हवान, असां करू नको रे देवा. ह्यां वझां आता ज्येचां त्येका दी. मी हंय झिलाकडे ऱ्हवान काय? उजवो कौल दी रे म्हाराजा!"

काशीरामच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' यायला जरा वेळ लागला.

मी उभी होते. मला ओरडायचं होतं, आई, हे काय भलतंच मागताय. माझ्या आईनेसुद्धा माझ्यासाठी असं कधी मागितलं नसेल. इतकी वर्षं ज्या बाईने माझ्या भाताला नावं ठेवली, ती देवाशी माझ्यासाठी भांडत होती आणि मी पदराने नाक पुसत होते. पाकळ्या काही गळेनात. आई दोनदा म्हणाल्या, "बघ हां देवा, माका बसान बसान पाय दुखतत."

तेवढ्यात तू रिकाम्या हाताने घामाघूम होऊन आलास, नारळ घरात कुठेच नाही म्हणालास, आणि त्याच वेळी उजवीकडची पाकळी गळली. ती तू पाहिलीस. तुझा चेहरा उजळला. तू हात जोडलेस, डोकं टेकलंस आणि मला म्हणालास, "बघ, पुन्हा उजवाच!"

सुबोध, ज्याला तू डोकं टेकलंस तो कौल हा होता. आई तुझ्याकडे राहणार, याला देव हो म्हणाला. पहिल्या कौलाने तू नोकरी सोडलीस, तेव्हा या दुसऱ्याला 'ते आपलं असंच' म्हणायची सोय तुला राहिलेली नाही. काशीराम साक्षीला आहे. आणि एव्हाना विमलाकाकीलाही माहीत असेल, म्हणजे वाडीला माहीत आहे. एकट्या तुलाच माहीत नव्हतं.

आता माझं. मशीन बिघडलेलं नव्हतं. मी पडले होते, काउंटरच्या मागे, सगळ्यांसमोर. गोळ्या चालू केल्या आहेत. डॉक्टरांनी मलाही तेच सांगितलं जे तुला सांगितलं होतं, राहणी बदला. मी त्यांना विचारलं, कोणाची? त्यांना वाटलं मी विनोद करते.

आईंशिवायच्या घरात परत आले त्या दिवशी मी चहा केला आणि तो गरम असताना प्यायले. ऋता अजून मुलुंडला होती. कोणी हाक मारली नाही. चहा चांगला लागला. आणि तो चांगला लागला याचाच मला इतका संताप आला की कप सिंकमध्ये आपटला, दांडी तुटली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, धड चालता येत नाही, ती उठून गेली तेव्हा कुठे मला बसायला मिळालं. उठायला तू हवा होतास. धडधाकट होतास, रोज नदीपर्यंत चालत होतास, फक्त घरापर्यंत तुला चालवलं नाही. हे मी विसरणार नाही. माझ्यासाठी उठल्या त्या आई, तू नाहीस. राग गेला का असं तू आंतर्देशीयच्या घडीत बारीक अक्षरात विचारलंस. नाही गेला. वाढलाय.

कामाचं लिहिते. सकाळच्या अंघोळीला विमलाकाकी येते, ते मी ठरवून आले आहे. बाकी सगळं तुझं. सकाळची पांढरी गोळी खाल्ल्यावर द्यायची, आधी दिलीस तर त्यांना मळमळतं. उठवताना काखेत हात घाल, मनगट ओढू नकोस. चालताना पाठीमागून नाही, डाव्या बाजूने धर. संडासला जाताना त्यांना लाज वाटते, म्हणून तेव्हा काहीतरी बोलत राहा, पिकाचं, पावसाचं, कशाचंही. मी त्यांना काउंटरवरच्या माणसांच्या नकला करून दाखवायचे. तुला तुझं काहीतरी शोधावं लागेल. गोष्टी सांगतात तेव्हा ऐक. तुझ्या लहानपणाच्या आहेत, आणखी कोणाला त्यात रस नसतो. पेटीतला फोन बाहेर काढ, आईंना ऋताशी बोलायचं असतं. आणि छातीत जळजळतं तर कुडाळच्या डॉक्टरांकडे जा, जाताना आईंनाही घेऊन जा, दोघांची तपासणी एका फेरीत होईल.

न्यायला मी येणार नाही. भेटायला येईन, त्यांना. येईन तेव्हा तुझ्याशी काय बोलायचं, बोलायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

सोमवारपासून मी पंधरा दिवस रजेवर आहे. ऋता मुलुंडलाच थांबणार आहे, तिची काळजी नको. मी कुठेतरी जाते आहे, एकटी. कुठे ते तुला सांगणार नाही. आईंना सांगितलंय, गावाहून निघायच्या सकाळी, कानात. त्यांना विचारून बघ. त्या सांगायच्या नाहीत.

माणिक